न पुसता

पुसणे या क्रियापदाचे दोन अर्थ
सहावीत खेडेकरबाईंनी सांगितले होते:
एक फडक्याने, एक तोंडाने.
आम्ही हसलो होतो.

रुवैस. ऑगस्ट. पहाटेचे पावणेतीन.
सर्व्हरच्या खोलीत सोळा अंश, माझ्या अंगात स्वेटर,
आणि दाराबाहेर असा दमट उकाडा
की पाऊल टाकताच चष्मा आंधळा होतो.
डिस्क शहाण्णव टक्के भरलेली.
जुन्या फायली काढायच्या, एवढंच काम.
हे मी झोपेतही करीन, म्हणायचो.
त्या रात्री केलं.

आरएम. मग एक आडवी रेघ. मग आर, मग एफ.
आर म्हणजे आतलं, आतल्याच्या आतलं, पार तळापर्यंत.
एफ म्हणजे मला काही विचारू नकोस.
पुढे रस्ता: हजेरी, तिरकी रेघ, जुने.
तिरकी रेघ आणि जुने यांच्या मध्ये
अंगठा टेकला, नको तिथे.
एक स्पेस.
भातातल्या खड्याहून लहान.
खडा निदान दाताखाली येतो.

एंटर.
दोन सेकंद लागायला हवे होते.
अकरा लागले.
नुसतं ‘जुने’ असं काही तिथे नव्हतंच,
पण त्याचीही त्याने तक्रार केली नाही;
विचारू नकोस, मीच सांगितलं होतं.

आवाज नाही. धूर नाही.
काळ्या पडद्यावर कर्सर, जरा आधी लुकलुकत होता तसाच.
घरच्या कॉम्प्युटरवर कचऱ्याची टोपली असते,
इथे उकरायला उकिरडाही नाही.
बॅकअप होता. त्याच फोल्डरच्या पोटात,
पेटीची किल्ली पेटीत ठेवून
झाकण लावावं तसा.

अकराशे चाळीस माणसांचा जून-जुलैचा ओव्हरटाइम.
रोज त्यांनी अंगठा लावून नोंदवलेला,
मी अंगठ्यानेच घालवलेला.

रोडेलला उठवलं. तो म्हणाला,
“आता त्यावर काहीही लिहू नकोस, पारकर.
पत्ता गेलाय फक्त, घर असेल अजून.
त्यावर दुसरं बांधलंस की संपलं.”
सकाळपर्यंत निम्मी घरं सापडली,
दारावर नंबर नसलेली.

मीरानीसाहेब ओरडले नाहीत.
“नोंद नाही म्हणजे तास नाहीत,” एवढंच म्हणाले,
आणि चहात साखर ढवळत राहिले
विरघळून गेल्यावरही.

तिसऱ्या दिवशी कॅम्पमधून पोचय्या आला.
खांद्यावर लॉकरचं दार, बिजागऱ्यांसकट उपसलेलं.
आतल्या बाजूला मार्करच्या रेघा,
पाचवी आडवी, तेलुगूत महिन्यांची नावं.
“तुमच्या मशीनवर राग नाही,” म्हणाला,
“तिला माझं नाव नीट लिहिता येत नाही, म्हणून हे.”

मग टेकबहादूर, कॅलेंडर घेऊन.
मग एक वेल्डर; त्याच्याकडे कागद नव्हता,
रोज रात्री बायकोला पाठवलेला निरोप होता:
आज तीन जास्त. आज चार. आज नाही, पाय दुखतोय.
तिने एकही काढून टाकला नव्हता.
एकसष्ट निरोप मी कानाला लावून ऐकले
आणि आकड्यांशिवाय बरंच काही कळलं,
जे मी कुठे भरलं नाही.

नऊ रात्री मी एकेकाला पुसत बसलो:
नाव? किती तास? कुठल्या टाकीवर?
आधी एकदाही न पुसलेलं सगळं.

अकरा जण मिळाले नाहीत.
जुलैतच व्हिसा संपवून गेलेले,
फोन लागत नाहीत. त्यांच्या रकान्यात
मी शून्य लिहिलेलं नाही. मोकळं ठेवलंय.
ती स्पेस मात्र मुद्दाम.

आता माझं मशीन प्रत्येक फायलीला अडतं:
काढू?
नवी पोरं वैतागतात.

पोचय्याने दार परत नेलं नाही,
रॅकच्या मागे टेकून आहे.
काल मोफिजुल ओलं फडकं घेऊन साफसफाईला आला,
रेघांपाशी थबकला,
आणि पुसण्याआधी
त्याने मला पुसलं.